रात्रीचा टाइमलॅप्स पहाटे धूसर आणि विश्लेषण भलत्याच पेशींमागे: तपासणी कुठून सुरू करायची

संध्याकाळी सातला जिवंत पेशींची डिश मायक्रोस्कोपवर लावली, फोटोंसाठी तिच्यातल्या चाळीस जागा नेमून दिल्या. दर पाच मिनिटांनी फोटो, लगेच सेगमेंटेशन (संगणकाने फोटोतली एकेक पेशी वेगळी ओळखणं), आणि विभाजनाला लागलेली पेशी सापडली की त्या जागेचे फोटो दर मिनिटाला घ्यायचे, अशी आज्ञा दिली. सकाळी फोल्डर उघडलं तर निम्मे फोटो धूसर, आणि जिथे दर मिनिटाला फोटो घेतलेत तिथे पेशीऐवजी हवेचा बुडबुडा. सांगली-मिरज काय किंवा कराड-सातारा काय, हा बिघाड सारखा येतो, आणि बहुतेक वेळा मायक्रोस्कोप बिघडलेला नसतोच.

साध्या टाइमलॅप्समध्ये धूसर फोटो म्हणजे एक फोटो वाया, एवढंच. इथे विश्लेषणच मायक्रोस्कोप चालवतं, म्हणून तोच धूसर फोटो पुढची आज्ञा देतो. स्टेज (डिश धरून सरकणारा पाट) कुठे न्यायचा, दिवा किती वेळा लावायचा, कुठली पेशी महत्त्वाची मानायची, हे सगळं त्याच्यावर ठरतं. म्हणून रात्री दहाला झालेली छोटी चूक पहाटेपर्यंत अख्ख्या प्रयोगभर पसरते.

लक्षणं

- पहिले दोन तास चित्र सुरेख, मग सगळ्याच जागांवर पेशींच्या कडा हळूहळू विरत जातात.
- एखाद्याच जागेचा फोकस मधेच उडी मारतो, शेजारच्या जागा ठीक असतात.
- पेशींची संख्या एका फोटोत ६०, पुढच्यात ११०, त्याच्या पुढच्यात ३५.
- पाच मिनिटांचं ठरवलेलं अंतर मध्यरात्रीनंतर सात-आठ मिनिटांवर जातं.
- पेशी गोल होऊन सुटतात आणि विश्लेषण त्यांना ‘विभाजन’ समजून त्यांच्यामागे लागतं.
- एका ठराविक वेळेनंतर सगळ्या जागा एकाच दिशेला, एकाच अंतराने सरकलेल्या.

कशालाही हात लावण्याआधी झेडचा आलेख काढा

सकाळी फोटो धूसर दिसले की पहिला हात फोकसच्या चाकाकडे जातो. तो आवरा. चाक फिरवलं की रात्री काय झालं याचा पुरावा पुसला जातो. मायक्रो-मॅनेजर हे मायक्रोस्कोप चालवणारं सॉफ्टवेअर प्रत्येक फोटोच्या मेटाडेटात (सोबत साठवलेल्या माहितीत) झेडची जागा, म्हणजे फोकसची उंची, आणि प्रयोग सुरू झाल्यापासूनची वेळ लिहून ठेवतं. ते दोन रकाने काढा, आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर झेड घ्या, आणि चार-पाच जागांच्या रेषा एकाच आलेखावर टाका. दहा मिनिटांचं काम आहे, आणि पुढच्या निम्म्या तपासण्या त्यातच वाचतात.

सुरुवातीला जोरात सरकून दोन-तीन तासांनी सपाट होणारी रेघ म्हणजे यंत्र अजून तापत होतं. दर दहा-वीस मिनिटांनी वर-खाली होणारे करवतीचे दात म्हणजे एसीचा कॉम्प्रेसर चालू-बंद होतोय. सगळ्या जागांवर एकाच क्षणी पायरी पडली असेल तर ती नेमकी वेळ टिपून घ्या. तेव्हा डिश हलली, टेबलाला धक्का लागला किंवा वीज गेली. एकटीच जागा उड्या मारत असेल तर सॉफ्टवेअर ऑटोफोकसने (फोटोची स्पष्टता बघून फोकस शोधणाऱ्या प्रोग्रॅमने) कचरा पकडलाय. ऑटोफोकस चालू असताना झेड सपाट आणि तरी चित्र धूसर, असं असेल तर फोकसच्या मोटरला दोष देऊ नका. झाकणावरचं बाष्प, सुटलेल्या पेशी किंवा चुकीचा ऑफसेट (काचेपासून फोकस किती वर धरायचा ते अंतर) शोधा.

एक खबरदारी घ्या. हार्डवेअर ऑटोफोकस चालू असेल आणि चित्र स्पष्ट असेल, तर झेडची रेघ सरकलेली दिसणारच. ते यंत्र आपलं काम करतंय, त्याला बिघाड समजू नका.

डिश, काच, झाकण: पाच मिनिटं, खर्च नाही

हार्डवेअर ऑटोफोकस काचेवरून परत येणारा अवरक्त किरण पकडतो. कोरड्या ऑब्जेक्टिव्हला (तेल न लावता वापरायच्या, डिशजवळच्या लेन्सला) हवा आणि काच यांच्या सीमेवरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत मिळतो. ऑइल ऑब्जेक्टिव्हमध्ये तेल आणि काच जवळजवळ एक होतात, त्यामुळे काच आणि मीडियम (पेशींचा पोषक द्रव) यांच्या सीमेवरून मिळणाऱ्या जेमतेम ०.४ टक्क्यावर भागवावं लागतं. म्हणून डिशच्या बुडाला लागलेला बोटाचा ठसा किंवा वाळलेल्या मीडियमचा पांढरट डाग पुरतो आणि पकड सुटते. ७० टक्के अल्कोहोल आणि लेन्स टिश्यूने बूड पुसा, वाळू द्या, मग लावा.

काच १.५ नंबरची, म्हणजे ०.१७ मिलिमीटर जाडीची हवी. साध्या प्लास्टिक बुडाच्या डिशमध्ये जास्त एनएच्या (जास्त तिरपा प्रकाशही गोळा करणाऱ्या) ऑब्जेक्टिव्हने धूसर दिसणं हा बिघाड नाही, तो त्या डिशचा गुणधर्म आहे. डिश होल्डरमध्ये बोटाने हलकेच ढकलून बघा. हलत असेल तर चाळीस जागांच्या प्रत्येक फेरीत ती थोडी थोडी सरकणारच.

झाकणाच्या आतून दव धरलं असेल तर फेज किंवा ब्राइटफील्डचं (आरपार प्रकाशाने घेतलेलं) चित्र दुधट होतं, फ्लुओरेसन्सचं (पेशींतल्या चमकणाऱ्या रंगाचं) मात्र ठीक राहतं. झाकण तापवणारी काच एक-दोन अंश जास्त ठेवली की दव जातं. ह्युमिडिफायरमध्ये निर्जंतुक डिस्टिल्ड पाणीच घाला. जत-आटपाडीकडच्या बोअरच्या पाण्याने क्षार साचतात, मग आर्द्रता कमी पडते आणि ३५ मिलिमीटरच्या डिशमधलं २ मिली मीडियम सकाळपर्यंत आटून खारट होतं. पेशी आक्रसतात आणि विश्लेषण त्यालाच औषधाचा परिणाम समजतं.

तापमान

ॲल्युमिनियमचा १० सेंटीमीटरचा तुकडा एका अंशाने तापला की २.३ मायक्रॉन लांबतो. ६.५ मायक्रॉन पिक्सेलच्या कॅमेऱ्यावर २०एक्स, ०.७५ एनए ऑब्जेक्टिव्हची फोकसची खोली साधारण १.४ मायक्रॉन असते आणि ४०एक्स, ०.९५ एनएची पाऊण मायक्रॉन. म्हणजे खोलीचं तापमान एका अंशाने बदललं तरी चित्र हातचं जातं. एप्रिल-मेमध्ये सांगलीत दुपारी पारा चाळिशीला टेकतो. तेव्हा दुपारी चारला एसी लावून पाचला प्रयोग सुरू केला, तर पहिला निम्मा प्रयोग टेबल, भिंत आणि मायक्रोस्कोप थंड होण्यातच जातो.

उपाय फुकटचा आहे. एसी सकाळपासून एकाच आकड्यावर ठेवा; वाऱ्याची झडप मायक्रोस्कोपकडे नको, छताकडे हवी. स्टेजवरचा इन्क्युबेटर निदान तीन तास आधी चालू करा, पूर्ण केज (अख्ख्या मायक्रोस्कोपभोवतीची तापती पेटी) असेल तर आदल्या रात्रीच. ऑब्जेक्टिव्ह हीटर असेल तर तोही त्याच वेळी लावा. डिश ठेवल्यावर अर्धा तास थांबा, मग जागा नेमा. आधी जागा नेमून मग डिश तापू देणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक.

प्रयोग चालू असताना औषध घालायचं असेल तर ते ३७ अंशांवर आणूनच घाला. फ्रिजमधलं अर्धा मिली मीडियम काचेला क्षणभर वाकवतं आणि आलेखात पायरी दिसते.

सीओटूचा सिलिंडर वजनावर जोखा, गेजवर नाही. आत द्रव शिल्लक असेपर्यंत गेज हलत नाही, आणि हलायला लागतं तेव्हा रात्र काढण्याइतका वायू उरलेला नसतो. ३१ अंशांच्या वर तर सीओटूचं द्रवरूपच राहत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात तापलेल्या खोलीतलं गेज आणखी फसवं. फिनॉल रेड (आम्लता बदलली की रंग बदलणारं द्रव्य) असलेलं मीडियम सकाळी जांभळट दिसलं, तर रात्री डिशला सीओटू कमी पडला होता.

संगणक

स्लीप बंद, हार्ड डिस्क झोपणं बंद, यूएसबीची वीज वाचवणारी सेटिंग बंद, विंडोज अपडेट पुढे ढकललेलं. डेटाच्या फोल्डरला अँटिव्हायरसमधून सूट द्या, नाहीतर प्रत्येक नवा फोटो तो उघडून बघतो.

मोकळी जागा आधी मोजा. २०४८ गुणिले २०४८ पिक्सेलचा १६ बिट फोटो सुमारे ८.४ एमबी. चाळीस जागा, दोन चॅनेल (प्रत्येक रंगाचा वेगळा फोटो), पाच मिनिटांचं अंतर, बारा तास: ११,५२० फोटो, जवळपास ९७ जीबी. हे सगळं नेटवर्क ड्राइव्हवर थेट लिहू नका. आधी संगणकातल्या एसएसडीवर, सकाळी कॉपी.

एका फेरीचा हिशेब

अंतर पाचाचं सात मिनिटं होतं ते इथे. प्रत्येक जागेला लागणारा वेळ स्टॉपवॉचने नाही, लॉगमधून काढा. समजा स्टेज हलून स्थिर व्हायला १.२ सेकंद, फोकसला ०.८, दोन चॅनेलना ०.६ आणि जीपीयूवर (ग्राफिक्स कार्डवर) सेगमेंटेशनला १.५, म्हणजे एकूण ४.१ सेकंद. चाळीस जागांना १६४ सेकंद, तीनशेत आरामात बसतात. आता हेच सेगमेंटेशन जीपीयूऐवजी सीपीयूवर गेलं आणि १२ सेकंद घ्यायला लागलं, तर फेरी ५८४ सेकंदांची होते.

आणि ते असं गुपचूप जातंच. ग्राफिक्स ड्रायव्हर किंवा पायटॉर्च, टेन्सरफ्लोसारखी लायब्ररी अपडेट झाली की सेलपोझ किंवा स्टारडिस्ट हे सेगमेंटेशनचं सॉफ्टवेअर फारसा गाजावाजा न करता सीपीयूवर चालू होतं. उत्तरं बरोबर येतात, फक्त उशिरा. प्रयोगाआधी एकच फोटो चालवून वेळ बघा आणि टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूचा आलेख खरंच वर जातो का तेही बघा.

फेरीचा वेळ अंतराच्या सत्तर टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. विश्लेषण फोटो घेण्याच्या धाग्यातच (थ्रेडमध्ये) ठेवू नका. वेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवा, मधे रांग ठेवा, आणि उत्तर आलं नाही तर कॅमेऱ्याने वाट न बघता पुढच्या जागेवर जावं अशी रचना करा.

दिवा खरंच विझतो का?

एक्स्पोजर १०० मिलिसेकंद लिहिलं म्हणजे दिवा तेवढाच वेळ लागतो असं नाही. शटर सॉफ्टवेअरवर चालत असेल तर आज्ञा जाण्या-येण्यात दिवा अर्धा सेकंदही पेटलेला राहतो, म्हणजे पेशींवर पाचपट प्रकाश. स्टेजवर पांढरा कागद ठेवा, फोनमध्ये सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन लावा आणि कागदावरचा उजेड चित्रित करा. किरणात डोळा घालू नका. उजेड २४ फ्रेममध्ये संपायला हवा. ११० फ्रेम दिसल्या तर कॅमेऱ्यापासून दिव्यापर्यंत टीटीएल (चालू-बंदचा विजेचा इशारा नेणारी) केबल टाकून दिवा थेट कॅमेऱ्याच्या इशाऱ्यावर लावा.

हे महत्त्वाचं अशासाठी की निळ्या प्रकाशाने दुखावलेली पेशी गोल होते, आणि विभाजन पावणारी पेशीही गोल होते. साध्या वर्गीकरणाला दोन्ही सारख्याच. मग ते ‘विभाजन’ समजून तिथेच जास्त फोटो घेतं, म्हणजे जास्त प्रकाश टाकतं, आणि आणखी पेशी गोल होतात. निदान तीन जागा अशा ठेवा जिथे फ्लुओरेसन्स अजिबात लावायचा नाही, फक्त फेज. तिथल्या पेशी सकाळी ठणठणीत आणि बाकीच्या गोल, तर दोष प्रकाशाचा.

माप आणि दिशा

६.५ मायक्रॉन पिक्सेल, २०एक्स: एक पिक्सेल ०.३२५ मायक्रॉन. २० मायक्रॉनची पेशी ६१ पिक्सेल भरते. कुणी दुपारी २ गुणिले २ बिनिंग (चार पिक्सेल मिळून एक) करून गेलं की तीच पेशी ३१ पिक्सेलची, आणि सेलपोझला व्यास ६१ सांगितलेला असेल तर दोन-दोन पेशी एकत्र जोडल्या जातात. उलट झालं तर एकाच पेशीचे तुकडे. पेशींची संख्या भलतीच कमी किंवा जास्त निघण्याचं हे नेहमीचं कारण.

दिशाही तपासा. स्टेज एक्समध्ये ५० मायक्रॉन हलवा. चित्र १५४ पिक्सेल सरकलं पाहिजे, आणि कॅलिब्रेशनमध्ये लिहिलेल्या दिशेलाच. चिन्ह उलटं असेल तर स्टेज पेशीला मध्यभागी आणण्याऐवजी दर वेळी आणखी दूर लोटतो. कॅमेरा साफ करायला काढून परत बसवला असेल तर ही तपासणी टाळूच नका.

विश्लेषणाला लगाम

सॉफ्टवेअर ऑटोफोकस वापरत असाल तर शोधाची हद्द मागच्या झेडपासून वर-खाली ५ मायक्रॉन एवढीच ठेवा. नवा झेड मागच्या तीन झेडच्या मध्यकापासून ३ मायक्रॉनपेक्षा दूर असेल तर तो नाकारा, मध्यकावरच फोटो घ्या. तरंगणारी मेलेली पेशी किंवा झाकणावरचा थेंब कडांनी फार स्पष्ट असतो. मोकळं सोडलं तर ऑटोफोकस जिवंत पेशी सोडून त्यालाच धरतो.

आज्ञेआधी दोन अटी घाला. फोटोची स्पष्टता, म्हणजे लाप्लासियनचा व्हेरियन्स (कडा किती तीव्र आहेत ते सांगणारा आकडा), त्या जागेच्या पहिल्या फोटोच्या निम्म्याखाली गेली तर आज्ञा नाही. पेशींची संख्या मागच्या फोटोपेक्षा तीस टक्क्यांहून जास्त बदलली तरीही नाही. अशा वेळी फोटो जतन करायचा, लॉगमध्ये कारण लिहायचं आणि पुढे जायचं. हे आकडे आपल्या पेशींप्रमाणे बदला, पण अटीच नकोत असं कधी करू नका. दहा ओळींचा हा कोड महागड्या ऑटोफोकसपेक्षा जास्त प्रयोग वाचवतो.

हळदीचे प्रयोग

सांगलीत हळद आणि तिचं करक्युमिन पेशींवर तपासायचं काम बरंच होतं, म्हणून हे वेगळं लिहिलं. करक्युमिन स्वतः चमकतं. ते ४२५ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतं आणि ५०० ते ५५० मध्ये सोडतं, म्हणजे नेमकं जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाच्या खिडकीत. औषध घालताच हिरव्या चॅनेलची पार्श्वभूमी उजळते आणि ठरावीक उंबरठ्यावर चालणारं सेगमेंटेशन अख्ख्या फोटोला एकच पेशी समजतं. पुन्हा ते ७.२ पीएचच्या मीडियममध्ये टिकत नाही. सीरम नसेल तर अर्ध्या तासात बहुतेक संपतं, १० टक्के सीरममध्ये काही तास तग धरतं. म्हणजे पार्श्वभूमी आधी चढते, मग उतरते, आणि आलेखावर ते जीएफपी कमी झाल्यासारखं दिसतं.

त्यात करक्युमिन निळ्या प्रकाशात पेशींना इजाही करतं. औषध नसलेल्या डिशला जो प्रकाश सोसतो तो औषधाच्या डिशला सोसेलच असं नाही. मोजणीसाठी लाल किंवा त्यापुढचा फ्लुओरोफोर (चमकणारा रंग) घ्या, हिरवा चॅनेल तासातून एकदाच, आणि चार डिश लावा: औषध व प्रकाश, औषध व अंधार, नुसतं डीएमएसओ (औषध विरघळवायचा द्रव) व प्रकाश, नुसतं डीएमएसओ व अंधार. याशिवाय निघालेल्या मृत्यूच्या टक्केवारीवर आमचा तरी विश्वास नाही.

मार्करची रेघ

इथपर्यंत उत्तर मिळालं नाही तर पेशी बाजूला ठेवा. काचेच्या बुडाच्या रिकाम्या डिशमध्ये आतून परमनंट मार्करने बारीक रेघ ओढा, वाळू द्या, २ मिली पाणी घाला, आणि तोच प्रोग्रॅम, त्याच जागा, तेच तापमान ठेवून बारा तास चालवा. रेघेची कड सकाळी तितकीच स्पष्ट असेल तर यंत्र निर्दोष; दोष पेशींत, औषधात किंवा विश्लेषणात. रेघही धूसर झाली तर दोष यंत्रात किंवा खोलीत. एक रात्र जाते, पण पुढचे पंधरा दिवस वाचतात.

वीज

सगळ्या जागा एकाच अंतराने सरकल्या असतील तर स्टेज कंट्रोलर मधेच बंद होऊन पुन्हा चालू झालाय. बरेच कंट्रोलर चालू होताना असतील त्या जागेला शून्य मानतात. संगणक यूपीएसवर आणि कंट्रोलर भिंतीच्या प्लगवर, अशी जोडणी असेल तर हेच होणार. संगणक, कॅमेरा, स्टेज, दिवा आणि हीटर एकाच ऑनलाइन यूपीएसवर घ्या. पाट्यांवरचे वॅट बेरीज करा आणि यूपीएसच्या क्षमतेच्या सत्तर टक्क्यांत बसवा. अर्थिंगची पिन काढून ‘गुणगुण’ घालवण्याचा प्रकार कधीही करू नका. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. २-३ व्होल्टच्या वर असेल तर आधी अर्थिंगचा खड्डा नीट करून घ्या. कृष्णाकाठच्या इमारतींत तळमजल्यावर यूपीएसच्या बॅटऱ्या जमिनीवर ठेवू नका, २०१९ च्या पुराचं पाणी लक्षात ठेवा.

इथे थांबा, इंजिनिअरला बोलवा

- स्वच्छ, नव्या काचेवर, पाणी घालूनही हार्डवेअर ऑटोफोकस पकड घेत नाही.
- तापमान स्थिर, मार्करची रेघ, आणि तरी झेड रात्रभर एकाच वेगाने एकाच दिशेला. हे फोकसची यंत्रणा वजनाने घसरण्याचं लक्षण. तिचा ताण स्वतः आवळू नका, गिअर जातो.
- स्टेज त्याच जागी परत आणला तर दर वेळी वेगळीकडे थांबतो, किंवा करकर आवाज येतो.
- फोटोचा अर्धा भाग स्पष्ट, अर्धा धूसर, आणि डिश बदलूनही तसंच.
- ऑब्जेक्टिव्हच्या आत बुरशीचे धागे किंवा टरेटमध्ये (ऑब्जेक्टिव्हच्या फिरत्या चकतीत) तेल उतरलेलं. पावसाळ्यात साताऱ्याकडच्या दमट हवेत बुरशी धरतेच. लेन्स उघडून पुसण्याचा प्रयत्न केला तर ती कायमची जाते.
- लेझरच्या इंटरलॉकचा (सुरक्षेसाठी लेझर आपोआप बंद करणाऱ्या यंत्रणेचा) बिघाड, जळका वास, किंवा स्टेजला हात लावल्यावर झिणझिणी. शेवटच्या दोन गोष्टींत मेन स्विच बंद करा आणि कुणालाही हात लावू देऊ नका.

इंजिनिअर पुण्या-मुंबईहून येतो आणि भेटीचे पैसे वेगळे पडतात, तेव्हा त्याला निघण्याआधी झेडचा आलेख, मार्करच्या रात्रीचे पहिला आणि शेवटचा फोटो, यंत्राचा सिरियल नंबर आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती पाठवा. जळका वास किंवा झिणझिणी नसेल, तर तो पोहोचायच्या आदल्या संध्याकाळी मार्करची डिश पुन्हा लावून ठेवा, म्हणजे तो दारात येईल तेव्हा बिघाड चालू स्थितीत त्याच्या डोळ्यांसमोर असेल.